सिंगल बेल

नांदणवाडीच्या लोहार गल्लीत कुणाच्याही दाराची बेल दोनदा वाजत नसे. तसा काही ठराव झाला नव्हता. दूधवाला एकदा वाजवून उभा राहायचा, गॅसवाला एकदा वाजवून हाक मारायचा, आणि नवीन कुरिअरवाल्यानं घाईत टिंग टिंग केलं की समोरच्या कट्ट्यावरून कुणीतरी सांगायचं, एकदाच वाजवा ओ, एकदाच. कुरिअरवाल्याला वाटायचं, गल्लीत तान्हं बाळ झोपलंय.

बाळ नव्हतं. सारिका मगदूम होती, वय सेहेचाळीस, पूर्वीची बस कंडक्टर. लागोपाठ दोन घंट्या कानावर पडल्या की ती असेल तिथे खाली बसायची, दोन्ही हात डोक्यावर घ्यायची आणि तिच्या नाकातोंडात गढूळ पाणी जायला लागायचं. कोरड्या स्वयंपाकघरात, भर उन्हाळ्यात, हातात लाटणं असताना. तिचा नवरा संपत देवपूजा करायचा ती घंटेच्या जिभेला सुतळी गुंडाळून. देवांची काही तक्रार आली नाही, असं तो म्हणायचा.

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बसमध्ये बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं. पण दोन घंट्या देणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असलं तरी गाडी हलते ती आपल्या बोटावर.

चार पावसाळ्यांपूर्वी घोटणी नदीच्या पुलावर पाणी आलं होतं, घोट्याएवढं. सारिकाची गाडी अलीकडे थांबली. आतल्या लोकांना घाई होती. कुणाची सासू दवाखान्यात, कुणाची म्हैस व्यायला झालेली. जाऊ द्या की, एवढ्या पाण्यात तर आम्ही कपडे धुतो, असं एक आजीबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. ड्रायव्हर महादेव सुतारनं आरशातून सारिकाकडे बघितलं. सारिकानं दोन घंट्या दिल्या. पुलाचा मधला भाग पाण्याखाली आधीच वाहून गेला होता. महादेवसकट पाच माणसं गेली. सारिका खिडकीच्या गजात अडकली म्हणून वाचली.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या तालुक्याला पाठ होतं. चौकशी झाली, तिच्यात पूल, पाऊस आणि 'सामूहिक निर्णय' दोषी ठरले. मग सह्यगती परिवहन कंपनीनं नवा नियम काढला, की कंडक्टरच्या दोन घंट्या झाल्याशिवाय बसची मोटर सुरूच होणार नाही. कंपनीला खरं तर कंडक्टर काढूनच टाकायचे होते. विजेच्या गाड्या, तिकीट मोबाइलवर, मग माणूस कशाला. या नियमानं ते राहिले. म्हणजे सारिकाची गाडी ज्या घंटीनं गेली, तिच्यावरच जिल्ह्यातल्या बाकीच्या कंडक्टरांच्या चुली पेटत राहिल्या. दोरी जाऊन बटण आलं होतं, पण आवाज कंपनीनं जुन्या घंटेचाच भरला. लोकांना तोच कळतो म्हणून.

सारिकाला मात्र आगाराच्या चौकशी खिडकीत बसवलं. काचेच्या आत, गाड्यांकडे पाठ करून, कानात कापूस.

*

मिरजेच्या एका संशोधन केंद्रात अशा माणसांवर नव्या उपचाराच्या चाचण्या सुरू आहेत, हे इरफान मुजावरनं आणलेलं वर्तमान. इरफान आगारातला ड्रायव्हर, महादेवच्या हाताखाली तयार झालेला, सारिकाला अक्का म्हणायचा. "अक्का, मेंदूतली भीती तेवढी काढत्यात म्हणं," तो म्हणाला, "बाकीचं जिथल्या तिथं." सारिका म्हणाली, बाकीचं काय आहे तेही बघून घ्या म्हणावं एकदा.

डॉक्टर ऋजुता गलगली तिच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि बोलताना पेनाचं टोपण चावायच्या. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू, काढली, बघितली, ठेवली. तसं नसतं, त्यांनी सांगितलं. आठवण दर वेळी काढली की ती मेंदूत सैल होते आणि पुढच्या काही तासांत पुन्हा पक्की बसवावी लागते. बसवायला मेंदूच्या पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात. आणि एका आठवणीचे तुकडे वेगवेगळ्या जागी असतात. काय घडलं, कुठे, कोण होतं, हे एकीकडे. त्याची भीती दुसरीकडे, खोल आत, बदामाएवढ्या एका भागात. तो सैलपणाचा वेळ गाठून त्या बदामातली प्रथिनं तेवढी बनू दिली नाहीत, तर घटना परत बसते, भीती परत बसत नाही. जुनी औषधं सगळ्या मेंदूभर पसरायची, म्हणून कधी लागू पडायची, कधी नाही. या नव्या औषधाचे कण झोपलेले असतात. डोक्यावरच्या टोपीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या बदामावर सोडल्या की तिथलेच कण जागे होतात.

"तुपासारखं," सारिका जरा विचार करून म्हणाली. "थिजलेल्या तुपात केस अडकला तर निघत नाही. तूप पातळ करायचं, केस काढायचा, परत थिजू द्यायचं."

डॉक्टरांनी टोपण तोंडातून काढलं. पुढे ते तूप त्यांच्या प्रत्येक रुग्णाला ऐकावं लागलं.

तूप पातळ करायचं म्हणजे आठवण उघडायची. त्यासाठी घंटी हवी. टोपी घातली, सुई लावली, मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला, आणि केंद्रातल्या तंत्रज्ञानं स्पीकरवरून दोन घंट्या वाजवल्या. सारिका बघत राहिली. मग तिला हसू आलं. ती घंटी कुठल्या तरी मोठ्या हॉटेलातली होती, मॅनेजरला बोलवायची, नाजूक. पुन्हा प्रयत्न केला तर देवळाची निघाली. पट्ट्यावरची रेघ जागची हलेना. डॉक्टरांनी विचारलं, बसची घंटी वेगळी असते का. सारिका म्हणाली, तुम्ही कधी बसनं गेलाच नाही वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, शाळेत असताना, आणि लाजल्या.

शेवटी इरफाननं आगाराच्या भंगारातून खरी घंटा काढून आणली, तारेसकट, वर गंज. केंद्राच्या पांढऱ्या खोलीत स्टुलावर चढून त्यानं ती खिळ्याला अडकवली आणि विचारलं, ओढू का. उत्तर येईपर्यंत त्यानं तार नुसती धरून ठेवली. महादेवच्या गाडीवर तो वर्षभर होता.

दोन घंट्या झाल्या. पुढचं इरफाननं बघितलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ऐकू मात्र आलं.

आठवड्यानं परत. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. अशीच एकदा घंटा वाजली आणि सारिका खुर्चीत बसूनच राहिली. तिला सगळं दिसत होतं. पाणी, गज, कुणाची तरी तरंगणारी पिशवी, आरशातले महादेवचे डोळे. फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट. फक्त तिचं पोट गप्प होतं. इतक्या वर्षांनी गप्प बसलेल्या पोटाला काय म्हणावं, ते तिला सुचेना. तिनं पाणी मागितलं आणि ते प्याली. साधं पाणी होतं.

त्या संध्याकाळी संपतनं सुतळी सोडली आणि देवांना दणक्यात घंटा ऐकवली. गल्ली मात्र सुधारली नाही. सारिकानं दारोदार सांगितलं, आता दोनदा वाजवा, काही होत नाही. लोक हो म्हणायचे आणि एकदा वाजवून उभे राहायचे. बोटाला सवय लागली होती.

*

मालन सुतार ही महादेवची बायको. अपघातानंतर गावाला वाटलं, ही आता सारिकाचं तोंड बघणार नाही. तिनं उलटं केलं. दर महिन्या-पंधरा दिवसांनी ती सारिकाकडे येऊन बसायची. तिला एकच विचारायचं असायचं, शेवटी तो कसा होता. सारिका सांगायला लागायची, गाडी थांबली, त्यानं आरशातून बघितलं, आणि तिथेच तिला पाणी लागायचं, शब्द बुडायचे. मग मालनच तिला धरून बसायची. दोघी रडायच्या. उत्तर कधी मिळालं नाही, पण रडणं बरोबरीचं व्हायचं, आणि मालनला तेवढंही पुरायचं.

महादेवच्या श्राद्धाला दरवर्षी दोघी नदीवर नैवेद्य सोडायला जात. उपचारानंतरच्या श्राद्धाला सारिका गेली, पानावरचा घास पाण्यात सोडला, हात जोडले. मालनला हुंदका फुटला. सारिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कोरडा होता, डोळेही.

मालननं तिच्याकडे नीट बघून घेतलं. "औषध गुणाचं आहे गं," ती म्हणाली. "मला पण मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण माझं काय अडलंय? मला कुठे ड्युटीवर जायचंय."

सारिकाला सांगायचं होतं, की दुःख गेलेलं नाही, पाणी गेलंय. पण मालन पुढे चालायला लागली होती. त्यानंतर ती आली नाही.

सारिकानं फोनवर डॉक्टरांना विचारलं, माझं काही जास्तीचं तर निघालं नाही ना? डॉक्टरांनी तिच्या नोंदी पुन्हा उघडून बघितल्या. मग म्हणाल्या, मोजता येतं ते सगळं जागेवर आहे. मोजता येत नाही ते तुम्हीच मला सांगायचं.

*

सारिका पुन्हा गाडीवर चढली ती इरफानबरोबर. मनगटावर पट्टा होताच, चाचणी संपेपर्यंत तो राहायचा होता. पहिल्या दोन घंट्या दिल्या तेव्हा इरफाननं मान वळवून मागे बघितलं. पुढे बघ, ती म्हणाली. मागे मी आहे.

कंपनीचे पुण्याचे अधिकारी कुंटे स्वतः पेढे घेऊन आले. हसतमुख माणूस, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. जिल्ह्यातले आणखी काही ड्रायव्हर-कंडक्टर चाचणीत होते, आणि कुंट्यांच्या असं लक्षात आलं होतं, की त्यांच्या गाड्या बाकीच्यांपेक्षा वेळेवर धावतात. घाटात रेंगाळत नाहीत, धुक्यात थांबत नाहीत. त्यांनी कंपनीच्या संचालक मंडळाला कळवलं होतं, की अपघातात सापडलेल्यांपुरता हा उपचार का ठेवायचा? थोडक्यात वाचलेले, एखादा ब्रेक करकचून दाबावा लागलेले, असे तर सगळेच असतात. सगळ्यांनाच देऊ. मंजुरी अडली होती ती चाचणीच्या निकालासाठी.

"तुम्ही आमच्या पोस्टरवर असणार, सारिकाताई," कुंटे म्हणाले.

सारिका म्हणाली, फोटो काढताना आधी सांगा, केस रंगवायचे राहिलेत. पेढा तिनं खाल्ला. पण त्या दिवसापासून धुक्यात थांबलेल्या गाड्या तिला आठवत राहिल्या.

*

श्रावणातली सकाळ होती. चार दिवस पाऊस धरून होता. आडोलीहून नांदणवाडीला येणारी गाडी घोटणीच्या नव्या पुलापाशी आली, तेव्हा पुलावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. बोटभरही नसेल. नवा पूल उंच होता, खांबांत यंत्रं बसवली होती. पाण्याचा दाब, खांबाचा कल, सगळं कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात कळायचं. इरफानसमोरच्या पडद्यावर हिरवा बाण होता, आणि पुण्याहून एक गोड आवाज सांगत होता, मार्ग सुरक्षित आहे. हिरवा बाण आला की गाडी सोडायची, असा आदेश होता.

पुलावर पाणी दिसलं की आधी थांबायचं, या नियमाप्रमाणे इरफाननं गाडी थांबवली. आता दोन घंट्या झाल्याशिवाय ती हलणार नव्हती. त्यानं आरशातून बघितलं.

सारिका भीतीची वाट बघत उभी राहिली. न बोलावता येऊन चार वर्षं मुक्काम ठोकलेली पाहुणी, आज तरी येईल. आली नाही. पट्ट्यावर बहात्तर ठोके. पोट शांत. बोट बटणावर होतं आणि तेही शांत होतं. डोक्यात सगळं उजेडात मांडलेलं, तो पूल आणि हा पूल, ते पाणी आणि हे पाणी.

मागून लोक बोलायला लागले. दूध नासंल, एक जण म्हणाला. पहिल्या बाकावर नोकरभरतीच्या परीक्षेला निघालेली एक मुलगी होती, मांडीवर पारदर्शक पिशवीत पेन आणि ओळखपत्र. बाई, हिरवं आलंय की, ती म्हणाली. रडवेली होऊन नव्हे, नीट समजावून सांगितल्यासारखी.

पूल पक्का आहे का, सारिकानं स्वतःला विचारलं. माहीत नाही. पाण्याखाली रस्ता दिसतोय का? नाही दिसत.

तिनं एक घंटी दिली.

"थांबायचं," ती मोठ्यानं म्हणाली. "रस्ता दिसेपर्यंत."

गाडीत कालवा झाला. पुण्याच्या आवाजानं मार्ग सुरक्षित असल्याचं आणखी गोडीत सांगितलं. मग पलीकडून दुधाचा टँकर आला, पूल आरामात ओलांडून त्यांच्या शेजारी आला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, काय ओ, बाईंना पोहता येत नाही काय. सगळी गाडी हसली. त्या टँकरमागून दोन जीपगाड्या आल्या, एक मोटारसायकल आली. त्यांना काही झालं नाही.

परीक्षेच्या मुलीनं पिशवी बंद केली. "माझं वर्ष गेलं तुमच्यामुळे," ती म्हणाली.

"होय," सारिका म्हणाली. "माझ्यामुळे."

दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. दुपारी पाणी उतरलं. पुलाचा एक खडाही हललेला नव्हता. कठड्याचा पिवळा रंगसुद्धा कालच दिल्यासारखा होता.

*

मिरजेच्या केंद्रातच बैठक ठरली. आत जाण्याआधी डॉक्टर गलगलींनी सारिकाला व्हरांड्यात गाठलं. त्यांचा रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता.

त्यांनी सांगितलं ते असं. चाचणीत रुग्ण बरा झाला का, हे ठरवायची एक मोजपट्टी असते. भयानक प्रसंगाची आठवण करून देणारी जागा रुग्णानं टाळली, तर ते आजाराचं लक्षण धरतात, टाळाटाळ म्हणून. सारिका त्याच नदीवर, तशाच पाण्यापुढे थांबली. पट्टीनुसार ती टाळाटाळ होते. तसं लिहिलं तर आजार उलटला असं ठरेल, उपचाराचा जादा डोस मिळेल, आणि नोकरी शाबूत राहील. आजारी माणसाला शिक्षा करता येत नाही.

"आणि तसं लिहिलं नाही तर?"

"तर तुम्ही धडधाकट असताना आदेश मोडला."

सारिकानं विचारलं, जादा डोस लागू पडला की पुढे काय. डॉक्टर खाली बघून म्हणाल्या, मग कंपनीला मंजुरी मिळेल. सगळ्यांसाठी.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं, डॉक्टर?"

"मला काही वाटून उपयोग नाही. पट्टीत त्याला जागा नाही."

"जागा नसली तर उभं राहायचं," सारिका म्हणाली. "आम्ही वीस वर्षं तेच केलंय."

आत कुंट्यांनी सगळ्यांना चहा दिला. आवाज मऊ होता. त्यांनी पट्ट्याची नोंद पडद्यावर लावली. पुलापाशी सारिकाच्या नाडीची रेघ पाटीवर आखल्यासारखी सरळ होती. उपचार उत्तमच आहे, ते म्हणाले, यंत्रं सांगतात पूल सुरक्षित, नाडी सांगते मन सुरक्षित. मग थांबलात कशा? मनाच्या तळाशी थोडी भीती उरली असणार. त्यात कमीपणा काही नाही. आणखी एक डोस, आणि सोमवारपासून ड्युटी.

त्या माणसाच्या बोलण्यात खरोखरच वाईट काही नव्हतं. त्याला वाटत होतं, तो तिला वाचवतोय.

"मी भ्याले नव्हते," सारिका म्हणाली.

"तसं म्हणू नका, ताई. तसं म्हटलंत तर माझे हात बांधले जातात."

"बांधू द्या. साहेब, एक विचारते. त्या पहिल्या पुलावर मी दोन घंट्या दिल्या, तेव्हा मला किती भीती वाटली असेल?"

कुंट्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अजिबात नाही. सगळे हसत होतो आम्ही. भीती नंतर आली, बुडाल्यावर. त्या दिवशी घाई होती फक्त. भीती नव्हती तेव्हा मी गाडी सोडली, आणि परवा भीती नव्हती तेव्हा मी गाडी थांबवली. मग थांबण्याचा आणि भीतीचा संबंध तुम्ही कुठून लावलात? मला पाण्याखालचं दिसत नव्हतं, म्हणून थांबले. पूल चांगला निघाला. चांगलंच झालं. उद्या परत दिसलं नाही तर परत थांबेन, आणि परत चांगला निघाला तरी परत थांबेन. याला आजार लिहू नका. आदेश मोडला असं लिहा. मोडलाय मी. पण माझं नाव पुढे करून बाकीच्यांना टोप्या घालू नका."

कुंट्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांच्या तोंडात टोपण होतं. ते त्यांनी काढून पेनाला लावलं.

"मी टाळाटाळ लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सारिकाताई बऱ्या झाल्या आहेत. माझ्या अहवालात त्या बऱ्या झालेल्यांत मोजल्या जातील, आणि त्या का थांबल्या तेही त्यांच्याच शब्दांत जाईल. पट्टी अपुरी आहे, असंही मी लिहीन. आणि ज्यांना आजारच नाही त्यांना हे औषध द्यायला माझी संमती नाही. इथे जमलेलं तूप पातळ करायला आम्ही बसलोय, दूध नासवायला नाही."

शेवटचं वाक्य कुंट्यांना कळलं नाही. सारिकाला कळलं.

निकाल आठवड्यात आला. शिस्तभंग, गाडीवरून काढून पुन्हा चौकशी खिडकी, पुढचा आदेश होईपर्यंत. सर्वांसाठीचा उपचार मंजुरीविना अडून राहिला. कंपनीनं इच्छुकांची नावं मागवणारा कागद आगारात लावला. तो बरेच दिवस कोराच होता. मग इरफाननं त्यात चुरमुऱ्यांचं भडंग बांधून आणलं.

*

या वेळी सारिकानं खुर्ची फिरवून घेतली. गाड्यांकडे तोंड, कानात कापूस नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी काचेसमोर मालन उभी राहिली. हातात पिशवी होती. आडोलीला, भावाकडे निघाले आहे, म्हणाली. अपघातापासून त्या रस्त्यानं ती गेली नव्हती. चौकशी काही केली नाही. नुसती उभी राहिली. मागच्या माणसानं खाकरून बघितलं, मग तो दुसरीकडे गेला.

"इरफान सांगत होता," मालन म्हणाली. "मिरजेच्या बैठकीत तू म्हणालीस, त्या दिवशी तू भ्याली नव्हतीस."

"नव्हते."

"आणि तो?"

सारिकाला हाच प्रश्न चार वर्षं कितीदा तरी आला होता. दर वेळी उत्तराच्या दारात पाणी असायचं. आज दार उघडं होतं आणि आत सगळं कोरडं, लख्ख होतं.

"तो पण नव्हता. आजीबाई बोलल्या त्याला हसत होता. मग आरशातून माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली. काय करायचं बाई, असं. नेहमी उडवायचा तशी."

"डावी?"

"डावी."

मालननं काचेला हात टेकला. "मला वाटायचं, घाबरून गेला असंल," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि त्याच्यातच हसू आलं. "डावीच उडवायचा मेला. मुलगी बघायला आला तेव्हा पण. माझा बाप म्हणाला, पोराचा डोळा फडफडतोय काय."

या वेळी सारिकाचेही डोळे भरले. पाणी आपलं आपण आलं, गालावरून गेलं, नाकातोंडात शिरलं नाही.

बाहेर आभाळ आडोलीच्या बाजूला काळं झालं होतं. घोटणीवर पुन्हा पाणी आल्याचं सकाळी दूधवाले सांगत आले होते. फलाटावर आडोलीची गाडी लागली, स्टिअरिंगवर इरफान, दारात प्राजक्ता नावाची नवी कंडक्टर, भरतीला महिनाही न झालेली. पडद्यावर हिरवा बाण. लोक चढले. प्राजक्ताचं बोट बटणावर होतं. ती इरफानकडे बघत होती, इरफान आरशात बघत होता, आणि आरशात चौकशी खिडकी दिसत होती.

घोषणा करायच्या त्या पुण्याहून आलेल्या, लिहिलेल्या. सारिकानं माइक ओढून घेतला.

"आडोलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. पुलावर पाणी आहे. रस्ता दिसत नाही तोपर्यंत गाडी सुटणार नाही. तोपर्यंत चहा पिऊन घ्यावा."

प्राजक्तानं वळून खिडकीकडे बघितलं. मग गाडीतून आवाज आला. टिंग. एकच.

इरफाननं किल्ली काढून खिशात टाकली.

लोक बडबडत उतरले. पांढऱ्या टोपीतला एक माणूस खिडकीशी येऊन विचारायला लागला, हे कुणाच्या आदेशानं, वर हिरवं दिसतंय, आम्हाला काही कामधंदे आहेत की नाहीत. सारिका उत्तर देणार होती. त्याआधी मालननं खिडकीजवळच्या बाकावर बसल्या बसल्या पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"थांबायचं म्हटलंय न्हवं," ती म्हणाली. "बसा की जरा. खावा."

तो माणूस दोघींकडे बघत बसला. मग त्यानं मूठभर घेतलं.

तेवढ्यात सारिकाच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. पुण्याचा असणार. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. दोन-दोनदा, लागोपाठ, थांबेचना.

सारिकानं एकदा त्याच्याकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि काचेच्या फटीतून हात बाहेर काढला, भडंगासाठी.